सहा फिती, एक मेजर

एकाच माणसाच्या छातीवर आयर्न क्रॉसची, म्हणजे जर्मन शौर्यपदकाची, फीत दोनदा कशी असेल? भिंग लावून फोटो पाहिला आणि मी तिथेच अडकलो. सहा फितींची एक पट्टी. पहिली फीत काळी, दोन्ही कडांच्या जवळ एकेक पांढरी रेघ. शेवटची, सहावी, हुबेहूब तशीच. मधल्या चारांतल्या दोन जवळजवळ पांढऱ्याफटक. फोटो कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा, एका कोपऱ्यात घडी पडून चिरलेला आणि फितींच्या पट्टीच्या जरा खाली कापलेला. मागे नाव नाही, तारीख नाही, स्टुडिओचा शिक्काही नाही.

फोटो आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा. आम्ही म्युनिकमध्ये ज्या इमारतीत राहतो तिथे त्या लहानपणापासून आहेत. त्यांच्या आईच्या पत्र्याच्या डब्यात हा फोटो निघाला. आईकडचा कुणीतरी नातेवाईक, याच्या पलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असेल ते सगळे केव्हाच गेले. आमच्या दिवाणखान्यात आजोबांची पदकं काचेच्या चौकटीत लावलेली आहेत. ती आजींनी पाहिली होती. त्यामुळे ‘तुम्हाला यातलं कळतं, तर हा कोण ते सांगा’ असं म्हणून त्यांनी फोटो माझ्या हातात दिला.

मला कळत होतं ते आजोबांपुरतं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांच्या इटली स्टारच्या फितीवर इटलीच्या झेंड्याचे लाल, पांढरा, हिरवा रंग आहेत. कुठली फीत आधी लावायची, कुठली नंतर, हे त्यांनी मला बेळगावच्या घरात, पदकांना ब्रासो लावता लावता शिकवलं होतं. ज्यांच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या त्यांच्यातल्याच एकाच्या फिती वाचायला तो क्रम मला उपयोगी पडला, हे त्यांना कळलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

जर्मन फितींची तऱ्हा मात्र वेगळी. १९१८ पर्यंतचं जर्मन साम्राज्य म्हणजे राज्यांचं गाठोडं होतं. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेंबर्ग या चार राज्यांची स्वतःची सैन्यं आणि स्वतःची युद्धमंत्रालयं होती. बाकीचे ग्रँड ड्यूक, ड्यूक आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारखी शहरंसुद्धा आपापले क्रॉस आणि पदकं वाटत. आयर्न क्रॉस मुळात प्रशियाचा, १८१३ सालचा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कैसरने तो पुन्हा सुरू केला आणि मग सगळ्याच राज्यांच्या सैनिकांना लाखोंनी दिला. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्याच्या छातीवर आयर्न क्रॉसची फीत दिसली तर त्यावरून काहीच कळत नाही. खरी गंमत तिच्या शेजारच्या फितीत असते. बाडेनचा हिरवा रंग आणि नारिंगी कडा, हेसेचा आकाशी आणि तांबड्या कडा, ओल्डेनबुर्गचा निळा आणि तांबड्या कडा: या रंगांवरून माणूस कुठल्या राज्याचा ते कळतं, आणि राज्य कळलं की त्याचे कागद कुठे असतील ते कळतं.

पण रंग होते कुठे? फोटो कृष्णधवल. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

फितींकडे वळण्याआधी गणवेश पाहून घेतला, कारण तो जास्त सरळ बोलतो. उजव्या छातीवर पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायात स्वस्तिक. हे चिन्ह सैन्याच्या गणवेशावर १९३४ मध्ये आलं, म्हणजे फोटो त्यानंतरचा. गरुड त्याच्या उजव्या बाजूला आणि फितींची पट्टी डाव्या बाजूला, म्हणजे छापताना निगेटिव्ह उलटी पडलेली नाही. ही खात्री करून घेणं फार गरजेचं असतं, कारण निगेटिव्ह उलटी असेल तर फितींचा क्रमच उलटा वाचला जातो. खांद्यावरची पट्टी वेणीसारखी विणलेली, तिच्यावर चांदणी नाही. लेफ्टनंट आणि कॅप्टनच्या पट्ट्या सपाट असतात, मेजरपासून वेणी सुरू होते. एक चांदणी ओबर्स्टलॉयटनंटची (लेफ्टनंट कर्नल), दोन ओबर्स्टच्या (कर्नल). म्हणजे हा मेजर. पट्टीवर रेजिमेंटचा आकडा धातूत बसवलेला होता. त्यातला ६ स्पष्ट दिसत होता, पण पुढचा आकडा नेमका त्या चिरलेल्या घडीत गेलेला.

आता रंग. त्या काळातले बरेच स्टुडिओ अजून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म किंवा काचेच्या प्लेटा वापरत. ही फिल्म निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला दाद देते, तांबड्याला जवळजवळ देतच नाही. परिणामी तांबडं काळं उमटतं आणि निळं पांढरट. पॅनक्रोमॅटिक फिल्म असेल तर तसं होत नाही, तिथे तांबडा मधल्या राखाडीत येतो. तेव्हा पहिला प्रश्न असा की हा फोटो कुठल्या फिल्मवर काढलाय. उत्तर त्याच्या टोपीत होतं. जर्मन टोपीवर पुढे एक गोल कोकार्ड असतं: बाहेर काळं वर्तुळ, मग चंदेरी, आणि मध्ये तांबडा ठिपका. ते रंग पक्के ठाऊक आहेत, त्यात शंका नाही. मी फोटो जास्तीत जास्त रेझोल्यूशनवर स्कॅन केला आणि त्या कोकार्डवर झूम केलं. मधला ठिपका बाहेरच्या काळ्या वर्तुळाइतकाच काळा. म्हणजे तांबडं काळं होणारी फिल्म. हे एकदा ठरल्यावर पुढचं सगळं वाचता येऊ लागलं.

त्या दोन पांढऱ्याफटक फिती मग पांढऱ्या नव्हेतच. प्रत्येकीवर गव्हाच्या दाण्याएवढा गरुड बसवलेला दिसत होता. १९३६ च्या मार्चमध्ये वेअरमाख्टने, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याने, सेवापदकं सुरू केली: ४, १२, १८ आणि २५ वर्षांच्या नोकरीची. त्यांची फीत कॉर्नफ्लॉवर निळी, आणि लहान पट्टीवर लावताना त्यावर गरुड लावायचा. निळी म्हणून फोटोत पांढरी. दोन आहेत, म्हणजे निदान १२ वर्षांची नोकरी झालेली. हे फार मोलाचं निघालं. व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं सैन्य १ लाखावर आणि त्यातले अधिकारी ४ हजारांवर आणून ठेवले होते. १९३६ च्या आसपास ज्याची एवढी नोकरी भरते तो बहुतेक त्या ४ हजारांतला असणार. दुसरी शक्यता लांडेसपोलित्साईची, म्हणजे राज्यांच्या लष्करी धर्तीच्या पोलिसांची. त्यांना १९३५ मध्ये सैन्यात सामावून घेतलं. ती शक्यता मी वहीत लिहून बाजूला ठेवली.

तिसरी फीत बारीक रेघांची, वर दोन तलवारी एकमेकींवर आडव्या. ती महायुद्धाच्या सन्मान-क्रॉसची. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने मरण्याच्या आधी काही आठवडे, १९३४ च्या जुलैमध्ये तो सुरू केला. तलवारी असतील तर आघाडीवर लढलेला, नसतील तर नुसता युद्धात सहभागी. लाखो लोकांना मिळालेला, त्यामुळे त्याचा उपयोग एवढाच की माणूस १९१८ च्या आधी लढलाय हे पक्कं झालं.

दुसऱ्या फितीवर मी जास्तीत जास्त वेळ घालवला. पांढरी, दोन्ही बाजूंना एकेक काळा पट्टा, आणि तिच्यावरही तलवारी. पटकन पाहिलं तर कुणीही म्हणेल की हा बिनलढाऊंचा आयर्न क्रॉस. तो असतोच: मागे राहून काम करणाऱ्यांना आयर्न क्रॉस दिला तर फितीचे रंग उलटे, पांढऱ्यावर काळे पट्टे. पण त्यावर तलवारी कशा येतील? आणि पहिल्या जागेवर लढाऊ आयर्न क्रॉस असताना त्याच्या शेजारी बिनलढाऊ कशाला? मग पुन्हा निळ्याचा विचार केला. बव्हेरियाच्या मिलिटरी मेरिट ऑर्डरची, म्हणजे तिथल्या लष्करी मानचिन्हाची, फीत पांढरी, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि अगदी कडेला निळी किनार. ती निळी किनार या फिल्मवर पांढरी होऊन बाकीच्या पांढऱ्यात मिसळून जाणार, आणि उरणार ते पांढऱ्यावरचे दोन काळे पट्टे. स्कॅनमध्ये कडेचा पांढरा मधल्या पांढऱ्यापेक्षा किंचित मळका दिसत होता. ही ऑर्डर राजा लुडविग दुसरा याने १८६६ मध्ये स्थापन केली. महायुद्धात बव्हेरियन सैन्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना तिचा चौथा वर्ग तलवारींसह मिळे. म्हणजे आपला मेजर बव्हेरियन. आजींचं माहेर, सासर, सगळं बव्हेरियातलंच, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं, पण छातीवरचा पुरावा मिळाला.

आणि मी आनंदलो ते एका वेगळ्याच कारणाने. प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक सगळे कागद पॉट्सडामच्या सैनिकी दफ्तरखान्यात होते, आणि १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पॉट्सडामवर बॉम्ब टाकले तेव्हा ते जळाले. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. पहिल्या महायुद्धातला एखादा प्रशियन लेफ्टनंट शोधायला निघालात तर बरेचदा हात टेकावे लागतात. बव्हेरियाचे कागद मात्र म्युनिकमध्येच होते आणि वाचले. बव्हेरियन मुख्य पुराभिलेखागाराचा क्रीग्सआर्किव्ह नावाचा विभाग ते सांभाळतो. अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायली तिथे ओपी या अक्षरांनी आणि क्रमांकाने लावलेल्या आहेत. आमच्या घरापासून ट्रामने जाता येईल इतक्या जवळ.

राहिली सहावी फीत, पहिलीची जुळी बहीण. आयर्न क्रॉसची फीत पट्टीवर दोनदा दिसते असा एक प्रसंग खरंच असतो. प्रशियाच्या होहेनत्सोलर्न राजघराण्याच्या ऑर्डरचा तलवारींसह नाइट्स क्रॉस युद्धात याच फितीवर दिला जाई. पण मग पट्टीवर तिच्यावर तलवारी लावलेल्या असतात, आणि तिची जागा वरच्या मानाची, पहिल्याच्या शेजारी. इथे फीत कोरी, आणि अगदी शेवटी. शेवटी काय लावतात? परदेशी पदकं. परदेशी, काळी दिसणारी पण बहुधा तांबडी, दोन पांढऱ्या रेघांची. एवढं कागदावर लिहिल्यावर उत्तर आपोआप समोर आलं: तुर्कस्तानचं युद्धपदक. सुलतान पाचव्या मेहमदने १ मार्च १९१५ ला ते सुरू केलं. तांबड्या रंगाचा पाच टोकांचा तारा आणि त्यावर चंद्रकोर. जर्मन सैनिक त्याला आयर्न क्रेसेंट म्हणत, कारण ते आपल्या आयर्न क्रॉसच्या जोडीचं वाटे. लढाऊंची फीत तांबडी, कडांजवळ पांढऱ्या रेघा. रंगीत फोटो असता तर हा प्रश्न कुणाला पडलाही नसता.

तर हा बव्हेरियन पायदळातला माणूस तुर्कांबरोबर लढलाय. गॅलिपोली, सिनाई, पॅलेस्टाइन, मेसोपोटेमिया, कुठेतरी. तुर्कस्तानात जर्मन तसे बरेच होते. जर्मन सेनापती लिमान फॉन सँडर्सचं सैनिकी मिशन १९१३ च्या डिसेंबरमध्येच इस्तंबूलला पोचलं होतं. सिनाईतल्या मोहिमांमागचा क्रेस फॉन क्रेसेनश्टाइन हा स्वतः बव्हेरियन. पण बव्हेरियन लोक एका जागी, एका तुकडीत एकत्र कुठे होते असं विचारलं तर पहिलं नाव येतं फ्लीगरआब्टाइलुंग ३०४ चं, बव्हेरियाच्या विमान तुकडीचं. १९१७ मध्ये तिला पॅलेस्टाइनला पाठवलं. तिने आकाशातून काढलेले अडीच हजारांहून जास्त फोटो आज म्युनिकच्याच क्रीग्सआर्किव्हमध्ये आहेत. जेरुसलेम, गाझा, जॉर्डनचं खोरं, इमारती आणि रस्ते वाढण्याआधीचं सगळं त्यात दिसतं, म्हणून पुरातत्त्ववाले आजही ते धुंडाळतात. मीही त्यात नको इतका वेळ घालवला. कामाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण गाझाच्या भोवतीचे खंदक वरून पाहिल्यावर डोळे हटत नाहीत.

पुण्याच्या माणसाला इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सेनापती ॲलनबीच्या घोडदळाने ही पॅलेस्टाइनची आघाडी फोडली, तेव्हा त्याच्या ५ व्या घोडदळ डिव्हिजनमध्ये पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या दोन्ही रेजिमेंट होत्या. याच डिव्हिजनच्या स्वारांनी नाझरेथवर छापा घातला आणि लिमान फॉन सँडर्स थोडक्यात निसटला. म्हणजे आमच्या मेजरसाहेबांच्या तुकडीची पळापळ करणाऱ्यांमध्ये आपलीही नावं आहेत.

पण पायदळातला माणूस विमानात कसा? सरळ आहे. जर्मन विमानांत मागे बसून टेहळणी करणारे निरीक्षक हे बहुतेक पायदळ, तोफखाना किंवा घोडदळातून मागून घेतलेले अधिकारी असत. युद्ध संपलं, व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायलाच मनाई केली, आणि ज्यांना सैन्यात राहायचं होतं ते आपापल्या जुन्या शाखेत परतले.

क्रीग्सआर्किव्हमधल्या तुकड्यांच्या हजेरीवह्या आणि अधिकारी-याद्या आता स्कॅन केलेल्याही मिळतात. अडचण अक्षराची. सगळं कुरेंट लिपीत, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षरात. आपल्या मोडीशी याचं फार साम्य: हात न उचलता लपेटत लिहिलेलं, ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच, ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान काढली नसेल तर तो ‘एन’पासून ओळखताच येत नाही. पेशवे दफ्तरातले कागद वाचणारे लोक मोडीबद्दल जे सांगतात तेच इथे: अक्षर न् अक्षर लावत बसू नका, ठराविक मजकूर ओळखा, म्हणजे उरलेलं आपोआप सुटतं. पद, नाव, धर्म, जन्मस्थळ, बापाचा धंदा, बदली कुठून, मिळालेली पदकं, असे रकाने ठरलेले असतात. ‘कॅथॉलिश’ हा शब्द एकदा डोळ्यात बसला की त्या कारकुनाचे ‘के’, ‘एच’ आणि ‘एल’ फुकटात मिळतात. काही कारकून देवमाणूस असत. काहींना माझ्या शिव्या लागल्या असतील.

दुसरी बाजू छापील होती, त्यामुळे सोपी. राइख्सवेअर, म्हणजे व्हर्सायनंतरचं ते १ लाखाचं सैन्य, दरवर्षी आपल्या अधिकाऱ्यांची रांगलिस्टं छापत असे: रेजिमेंट, पद, ज्येष्ठतेची तारीख. मी १९३२ सालची घेतली. १९३६ च्या सुमाराला जो मेजर आहे तो १९३२ मध्ये कॅप्टन असणार, थोडं मागेपुढे. बव्हेरियन पायदळ रेजिमेंटं तीनच होती: १९ वी म्युनिकची, २० वी रेगेन्सबुर्गची, २१ वी न्युर्नबर्गची. सैन्य वाढवताना याच रेजिमेंटांतून नव्या रेजिमेंटांसाठी माणसं काढली गेली. खांद्यावरच्या त्या ६ चा अर्थ इथे लागतो. म्युनिकला ६१ वी, लांड्सहुटला ६२ वी, इंगोलश्टाटला ६३ वी. घडीखालचा आकडा १, २ किंवा ३ असणार हे जवळजवळ नक्की.

एका बाजूला पॅलेस्टाइनमधल्या तुकडीच्या अधिकाऱ्यांची यादी, दुसऱ्या बाजूला तीन रेजिमेंटांचे कॅप्टन. दोन्हींत असलेलं आडनाव एकच निघालं. मी खूश व्हायच्या बेतात होतो, पण ते आडनाव बव्हेरियात पायलीला पन्नास. रांगलिस्टमध्ये पहिलं नाव नसतं. एकाच आडनावाचे दोघे असतील तेव्हाच कंसात लिहितात. तेव्हा पॅलेस्टाइनमधला लेफ्टनंट आणि रेगेन्सबुर्गचा कॅप्टन एकच, असं म्हणणं म्हणजे निव्वळ बादरायण संबंध ठरला असता.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याची नातवंडं-पतवंडं आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

ओपी फाइल मागवली. पुठ्ठ्याचं पातळ वेष्टन, आत पिवळे कागद, आणि महत्त्वाचं म्हणजे टंकलिखित सेवापत्रक. जन्म १८९५ चा, वडील शाळामास्तर, युद्ध सुरू झाल्यावर स्वयंसेवक म्हणून भरती, १९१५ मध्ये लेफ्टनंट, पश्चिम आघाडी, निरीक्षकाचं प्रशिक्षण, मग तुर्कस्तान. पदकांच्या रकान्यात आयर्न क्रॉसचे दोन्ही वर्ग, मिलिटरी मेरिट ऑर्डर चौथा वर्ग तलवारींसह, तुर्की युद्धपदक. पहिल्या वर्गाच्या आयर्न क्रॉसला फीत नसते, तो छातीवर टाचायचा, आणि आमचा फोटो त्याच्या वरच कापलेला. त्यामुळे पट्टीशी काही भांडण नाही. शेवटची नोंद राइख्सवेअरमध्ये घेतल्याची. इथवर बव्हेरियाचे कागद संपतात, कारण बव्हेरियाचं वेगळं सैन्यच त्यानंतर उरलं नाही.

यापुढचं फ्रायबुर्गला. जर्मनीच्या केंद्रीय पुराभिलेखागाराचा लष्करी विभाग तिथे आहे आणि राइख्सवेअर आणि वेअरमाख्टच्या अधिकाऱ्यांच्या ज्या फायली उरल्या त्या ‘पर्स ६’ नावाच्या संग्रहात आहेत. सगळ्यांच्या नाहीत. याची होती. आणि तिच्यात पहिल्याच पानावर खिळ्याने टोचलेला, गंजाचा डाग पडलेला एक छोटा फोटो होता.

चेहरे ओळखण्यात आपण स्वतःला फार सहज फसवतो. टोपी, मिशी, दहा वर्षांचं वय आणि चांगला प्रकाश एवढ्यानेच दोन वेगळी माणसं एक वाटू लागतात. म्हणून मी कान पाहतो. कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड किती वळलेली, मधल्या खळग्याचा आकार कसा, हे वयाबरोबर फारसं बदलत नाही. दोन्ही फोटोंत डावा कान दिसत होता. पाळी पूर्ण चिकटलेली, वरच्या कडेला मागच्या बाजूने एक बारीक खाच, दोन्हीकडे. डोळे, हनुवटी वगैरे आजींनी पाहिलं आणि त्या लगेच ‘हाच!’ म्हणाल्या. पण माझा भरवसा त्या खाचेवर जास्त.

फाइलमध्ये आकडाही मिळाला: ६३, इंगोलश्टाट. मेजरची बढती १९३५ ची, पुढची १९३८ ची. सेवापदकं १९३६ च्या मार्चनंतरची, म्हणजे फोटो १९३६ ते १९३८ या काळातला. पट्टीवर जे नाही त्याचाही या हिशेबाला आधार आहे. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियात घुसलेलं सैन्य मुख्यतः बव्हेरियातलं होतं, आणि त्यासाठी मे महिन्यात वेगळं पदक निघालं. त्या वर्षाच्या शेवटी सुडेटनलँडचं. आमच्या माणसाच्या छातीवर दोन्ही नाहीत. फायलीतल्या यादीत ऑस्ट्रियाचं आहे, पण १९३९ मध्ये दिल्याची नोंद आहे.

मधे एक व्यवहाराची गोष्ट. जर्मनीत स्वस्तिकासह नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं फौजदारी कायद्याने गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण, कला यांना त्यातून सूट आहे. माझं काम संशोधनात बसतं, तरीही जाणकारांना विचारायला मी पूर्ण फोटो कधीच पाठवला नाही. पट्टीचा, टोपीच्या कोकार्डचा आणि खांद्याचा तुकडा कापून पाठवला. चेहऱ्याशिवाय पाठवल्याचा एक फायदा असा झाला की कुणी चेहरा पाहून नाव सुचवलं नाही. लोक फितींबद्दलच बोलले.

आजींना मी एका संध्याकाळी सगळं क्रमाने सांगितलं. तुर्कस्तानचा भाग त्यांना फार आवडला. त्यांच्या लहानपणी घरात एक पितळी कॉफीचं भांडं होतं, ते कुठून आलं याचा त्यांना आता अंदाज आला. नात्याचा पत्ता त्यांच्याच कपाटात निघाला. त्यांच्या आईच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आईच्या आईचं माहेरचं नाव होतं, आणि ते आडनाव हेच. मास्तराच्या गावाशीही ते जुळलं. म्हणजे हा तिचा भाऊ, आजींच्या आईचा सख्खा मामा.

मग मी फायलीचा उरलेला अर्धा भाग काढला. १९४० मध्ये फ्रान्समध्ये बटालियनचा प्रमुख. १९४१ च्या उत्तरार्धापासून, वयामुळे आणि हृदयाच्या तक्रारीमुळे, व्यापलेल्या सोव्हिएत मुलखात एका गावाच्या कमांडांतुरवर, म्हणजे तिथल्या लष्करी प्रशासनाच्या कचेरीवर, नेमणूक. पुढची पानं वरिष्ठांच्या शेऱ्यांची: कर्तव्यदक्ष, शांत, प्रशासनात उत्तम. त्या कमांडांतुर काय करत होत्या हे आता चांगलं ठाऊक आहे. ज्यूंची नोंदणी आणि त्यांच्या बाहीवर खुणेच्या पट्ट्या, सक्तीची मजुरी, धान्याची जप्ती, ओलिसांना गोळ्या घालण्याची फर्मानं, यातलं बरंच काही त्यांच्या टेबलावरून जाई. ‘प्रशासनात उत्तम’ याचा त्या गावात नेमका काय अर्थ होता ते वैयक्तिक फाइल सांगत नाही. ती कधीच सांगत नाही. शेरा लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलेलं नसतं.

मी हे सौम्य करून सांगायचा प्रयत्न केला. आजींनी मला मध्येच थांबवलं. ‘नाव शोधलंत तसं हेही शोधता येतं का?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतं. कमांडांतुरचे दैनंदिन अहवाल वेगळ्या संग्रहात आहेत, सगळे उरलेले नाहीत, पण काही आहेत. ‘मग बघा. मला छान छान तेवढंच नको.’

फोटोच्या मागे आम्ही मऊ पेन्सिलने लिहिलं: नाव, पद, रेजिमेंट ६३, इंगोलश्टाट, १९३६ ते १९३८, आणि खाली दोन्ही फायलींचे क्रमांक, म्हणजे पुढच्या कुणाला आमच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. पेनने लिहू नये, शाई पुढच्या बाजूला उतरते. कमांडांतुरचा क्रमांक सेवापत्रकात आहे. फ्रायबुर्गच्या नव्या अर्जात तो घातला आहे आणि अर्जावर सही आजींची आहे.